'घट्ट' म्हणजे किती?



द्राक्षावर फवारणी करताना आपण औषध टोपणानं मोजतो. लिटरला किती मिली, एकरी पाणी किती, सगळं वहीत लिहून ठेवतो. जास्त झालं तर पान करपतं, कमी झालं तर रोग हटत नाही, हे आता पोराटोरांनाही माहीत आहे. पण ज्या पिकअपमधून माल आणि माणसं न्यायची, तिचे पाटे ज्या नटबोल्टांवर धरलेले असतात, ते आवळताना माप कसलं? "आवळ रे जोर लावून." झालं काम.

आज त्याच मापाबद्दल लिहितोय. शेतीच्या पानावर गाडीचं कशाला, असं कुणी म्हणेल. पण निफाड तालुक्यात बांधावरून बाजार समितीपर्यंतचा रस्ता हाही शेतीचाच भाग आहे. माल तिथे पोचला तर शेती.

मागच्या वर्षी टोमॅटोच्या हंगामात माझ्या चुलतभावाच्या पिकअपचा मागचा मेन पाटा तुटला. रस्त्यावरच्या एका गॅरेजात नवा टाकला. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळती, आणि पान्याला तीन फुटी पाईप लावून दोन पोरांनी यू-बोल्टचे नट आवळले. दहाएक खेपा झाल्या. मग एक दिवस तोडणीच्या नऊ बाया आणि क्रेट घेऊन येताना कॅनॉलच्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढायला लागली. भाऊ लगेच थांबला. खाली वाकून बघितलं तर उजव्या बाजूचा एक्सल दोन बोटं मागं सरकलेला, सेंटर बोल्ट तुटलेला, आणि यू-बोल्टचे नट हातानं फिरत होते. कच्चा रस्ता होता, वेग वीसचा होता, म्हणून नऊच्या नऊ जणी पायी चालत घरी गेल्या. तीच गाडी मुंबई-आग्रा हायवेला असती तर काय झालं असतं, ते लिहवत नाही. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हा कायदा आहे आणि तो बरोबर आहे. पण मजुरीला जाणाऱ्या बाया कशात बसून जातात हे तुम्हालाही माहीत आहे.

भाऊ गॅरेजवाल्याकडे गेला. तो म्हणाला, "अहो, दोघांनी लोंबकळून आवळलंय, ढिलं होईलच कसं?" तो खोटं बोलत नव्हता. दोघं लोंबकळले होते, आणि घोटाळा तिथंच होता. काढलेल्या यू-बोल्टवर नवा नट चढवून पाहिला, तर अर्ध्यावर जाऊन अडकला. आट्यांमधलं अंतर लांबलं होतं. बोल्ट ताणून मेला होता.

माझा भाचा अंबडच्या एमआयडीसीत गाड्यांच्या पार्टच्या असेंब्लीवर आहे. त्याच्याकडून जे समजून घेतलं ते आपल्या भाषेत मांडतो.

बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. बोल्ट म्हणजे लोखंडाचा दोर. ट्रॉलीवर कडब्याच्या पेंढ्या भरून आपण वरून दोर टाकतो आणि ताणतो. ओझं जागेवर राहतं ते दोराच्या ताणामुळे. ताण गेला की दोर तोच असूनही ओझं हलतं. नट आवळला की बोल्ट केसभर लांबतो आणि रबरासारखा परत आखडायला बघतो. त्या आखडण्याच्या जोरानं पाटे आणि एक्सल एकमेकांवर दाबून धरले जातात. दोन यू-बोल्ट आणि चार नट मिळून हे काम करतात. मधला सेंटर बोल्ट फक्त पाटे आणि एक्सल जागेवर बसवायला असतो. यू-बोल्टचा ताण गेला की सगळा मार त्या बारक्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. नाहीतर मधल्या भोकापाशी पाटा तुटतो. पाटा बरोबर मधोमध तुटला असेल तर आधी संशय यू-बोल्टवर घ्या, पाट्याच्या कंपनीवर नंतर.

आता ताण किती असावा? कमी असला तर जोड हलतो, आणि हललेला जोड नट सोडवत नेतो. जास्त झाला तर बोल्ट लांबून परत आखडत नाही, जुन्या इलॅस्टिकसारखा सैल पडतो. वरून मात्र दोन्ही नट सारखेच घट्ट दिसतात. म्हणून हातावर विश्वास ठेवून चालत नाही.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो बघा. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण ८० किलो ओढलं की तो तुटणार. टिंबानंतरचा आठ म्हणजे त्या जोराच्या ८० टक्क्यांच्या आसपास तो कायमचा लांबायला लागणार. १०.९ चा बोल्ट ८.८ पेक्षा ताकदीचा. त्याच्या जागी बाजारातला बिनआकड्याचा बोल्ट बसवला तर आवळण्याचं माप पाळूनही उपयोग नाही.

नट फिरवायला लागणाऱ्या पिळाला टॉर्क म्हणतात. पान्याची लांबी गुणिले त्यावर लावलेला जोर, एवढं सोपं गणित. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलो जोर दिला तर १० किलोग्रॅम-मीटर. पुस्तकात हा आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. त्याला ९.८ ने भागलं की आपले किलोग्रॅम-मीटर येतात.

भाच्यानं एक हिशोब मांडून दाखवला. १६ मिलिमीटरचा ८.८ चा कोरडा बोल्ट साधारण २२५ न्यूटन-मीटरला आवळला, तर त्यात सात टनांच्या आसपास ताण येतो. एका बोल्टात सात टन! पण त्याच बोल्टाच्या आट्यांना तेल लावून तेवढाच टॉर्क दिला तर ताण साडेनऊ टनांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे बोल्टाच्या हद्दीवरच. कारण आपण जो जोर लावतो त्यातला शंभरातला नव्वद भाग घर्षणात जातो, आटे आणि नटाची बैठक घासण्यात. जेमतेम दहा भाग ताण द्यायला उरतो. तेलानं घर्षण कमी झालं की तो दहाचा भाग वाढतो. उलट आटे गंजलेले असतील तर पाना कडक लागतो, "झालं घट्ट" असं वाटतं, आणि ताण आलेलाच नसतो. म्हणून आटे ब्रशनं साफ करायचे, आणि कोरडे ठेवायचे की तेल लावायचं हे गाडीच्या पुस्तकात असेल तसंच करायचं. वरचा २२५ हा आकडा समजण्यापुरता आहे. तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्या.

आता आवळायची पद्धत. आमच्या वस्तीवर आम्ही अशी करतो.

यू-बोल्टसाठी गाडी जमिनीवर, चाकांवर उभी हवी. पाट्यांवर गाडीचं वजन आलेलं हवं. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून मागून दगड लावा. चार नट असतील तर एकाच नटाला एकदम पूर्ण पिळायचं नाही. समोरासमोर, तिरकं तिरकं जायचं. पहिल्या फेरीत एक तृतीयांश, दुसरीत दोन तृतीयांश, तिसरीत पूर्ण. शेवटी चारही नटांखाली आटे सारखेच बाहेर आले आहेत का ते बघा. एकीकडे जास्त, एकीकडे कमी असेल तर पाटे तिरके बसलेत.

पाट्याच्या डोळ्यात आणि शॅकलमध्ये रबरी बुश असतील तर ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बोल्ट आवळला की बुशची आतली लोखंडी नळी जाम धरली जाते. नंतर पाटा हलतो तो त्या रबराच्या पिळावर. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पक्का आवळला आणि मग गाडी खाली सोडली, तर रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं. वर खड्डा आला की आणखी पिळतं. असं बुश लवकर फाटतं आणि आपण म्हणतो "माल डुप्लिकेट निघाला." म्हणून जॅकवर असताना नट नुसता टेकवायचा, गाडी चाकांवर सोडायची, मागचा भाग दोन-चार वेळा दाबून हलवायचा, आणि मग मापानं आवळायचा. शॉकॲब्सॉर्बरचं रबरी बुश आणि पुढच्या आर्मचे बुश, यांनाही हाच नियम.

ग्रीसची पिन असलेल्या ट्रॉलीच्या शॅकलचं वेगळं आहे. तिथं पिन हलती राहायला हवी, म्हणून अंगाला दाबून आवळू नका. खाचेच्या नटाला कॉटर पिन असते. मापाला आवळल्यावर भोक जुळलं नाही, तर पुढच्या खाचेपर्यंत पुढं न्या. भोक जुळवायला नट मागं सोडू नका. नायलॉनचं कडं असलेला नट एकदा काढला की नवा घ्या. काढलेले यू-बोल्टही परत वापरू नका. पाट्याच्या किमतीपुढं त्यांची किंमत काहीच नाही.

आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम. नवीन जोड पहिल्या खेपांत बसतो. पाट्यांमधला रंग, गंज, बारीक खडबडीतपणा दबतो आणि तेवढा ताण कमी होतो. यात कुणाचा दोष नाही, तो जोडाचा स्वभाव आहे. म्हणून भरल्या गाडीची पहिली एक-दोन खेप झाली, साधारण १०० किलोमीटर झाले, की पुन्हा टॉर्क तपासायचाच. गॅरेजवाल्यानं सांगितलं नाही तरी आपण जायचं.

टॉर्क पाना नसेल तर? आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून एक घेतला आणि वस्तीवर फिरता ठेवला. ठरलेल्या आकड्याला तो 'कट्' करतो. एक कट् झाला की थांबायचं. आणखी एक झटका म्हणजे औषधाचं आणखी एक टोपण. त्या पान्यानं नट सोडायचे नाहीत, आणि काम झाल्यावर स्प्रिंग सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायची. हवेची गन नट सोडायला चांगली, पण शेवटचं आवळणं गननं करू देऊ नका.

पानाच नसेल तर गोण्या मोजायचा हुकाचा काटा घरात असतोच. नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर पाईपाला हूक अडकवा, पाईपाशी काटकोनात ओढा, धक्का न देता. नट फिरत असताना काटा २० किलो दाखवतो म्हणजे २० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे १९६ न्यूटन-मीटर. यू-बोल्टचे नट फिरवताना पाईप आडवा फिरतो, त्यामुळे पाईपाचं वजनही आकड्यात येत नाही. टॉर्क पान्याइतकं हे अचूक नाही, पण लोंबकळण्यापेक्षा कैक पटीनं बरं. पाईप दोषी नाही, न मोजता लावलेला पाईप दोषी.

तपासणी तर फुकट आहे. आवळलेल्या नटावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरला. पण रेघ जुळलेली आहे म्हणून ताण आहेच असं समजू नका. जोड बसला किंवा बोल्ट लांबला तर नट न फिरताही ताण जातो, तेव्हा पानाही फिरवून बघा. नटाखालून तांबूस भुकटी किंवा गंजाचा ओघळ दिसला तर जोड आतून घासतोय. टेपनं पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक दिसला तर माल भरू नका.

आपली वही आहेच. फवारणीच्या पानामागं एक पान गाडीचं ठेवा: कुठला नट, किती आकडा, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला. गाडी गॅरेजला देताना तो आकडा कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातात द्या, आणि आवळताना शेजारी उभे राहा. मिस्त्रीला राग येत नाही, उलट चांगला मिस्त्री खूश होतो.

तुमच्याकडं कुठली गाडी आहे आणि तिच्या यू-बोल्टला पुस्तकात किती आकडा दिलाय, तो पुस्तकात बघून खाली लिहा. ऐकीव आकडा नको. हंगामाच्या आधी सगळ्यांच्या कामाला येईल.