मुंबई ते कराची : दीड तास की दीड वर्ष?

मुंबई ते कराची सरळ अंतर साधारण ८८० किलोमीटर. मुंबई ते दिल्ली साधारण ११५०. म्हणजे मुंबईला राजधानीपेक्षा कराची जवळ! थेट विमान असतं तर दीड तासात पोचलो असतो. ते नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशच बंद केलं. व्हिसा मिळालाच, तर दुबईमार्गे जायचं. तीन तास तिकडे, तिथून दोन तास कराची. तीन हजारांवर किलोमीटर, विमानतळावर बसणं वेगळंच.

कायम असं नव्हतं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली एनजेव्ही शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने चालते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा टपाल घेऊन सकाळी कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. तेही एका इंजिनाच्या छोट्या विमानातून.

मी दुबईत नोकरी करतो. ऑफिसात माझ्या शेजारी बसतो तो कराचीचा. त्याची सख्खी मावशी भेंडीबाजारात राहते. दोघी बहिणींची कित्येक वर्षांत भेट नाही. तो सुट्टीवरून येताना आईने दिलेली पिशवी आणतो, मी ती मुंबईत पोचवतो. मावशी दर वेळी विचारते, "तिचे गुडघे कसे आहेत आता?" मी काय सांगणार? मी त्या बाईंना कधी पाहिलेलंही नाही.

आता कुणी म्हणेल, २००८ ला कराचीहून याच समुद्रातून दहा जण आले होते. बरोबर आहे. मुंबईकर आहे, ती रात्र मीही विसरलेलो नाही. सुरक्षेत ढिलाई नकोच.

पण पालघर-डहाणूकडच्या खलाशांचं काय? पोटासाठी गुजरातच्या बोटींवर जातात. समुद्रात रेघ आखलेली नसते. पकडले की कराचीच्या मलीर तुरुंगात. सुटले तर कराचीहून लाहोर, वाघा, अमृतसर, मग गाव. तेही सुटले तर! आपल्याकडेही पाकिस्तानी मच्छीमार असेच अडकतात.

२००८ च्या मे महिन्यातच दोन्ही देशांनी करार केलाय. दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या द्यायच्या. शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री पटली, की एका महिन्यात घरी पाठवायचं. याद्या नेमाने दिल्या जातात, माणसं मात्र शिक्षा भोगून झाल्यावरही आत राहतात.

विमान सुरू करा असं मी म्हणतच नाही. दोन्ही सरकारांनी स्वतः सही केलेला तो एक महिना तेवढा पाळावा. आपापल्या खासदाराला एवढं तरी विचारा.