तालमींच्या पेठेत

कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन झाले की मंगळवार पेठेत जरूर फिरून या. शाहू महाराज १९२२ साली गेले, पुढे राजाश्रय सरला. तरी पेठेने तालमी जगवल्या.

हेच शहराजवळ उचगावला दिसते. चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली अपंगांसाठी संस्था काढली. चाकाच्या खुर्च्या बनवणारे हात अपंगांचेच. पुढे कुडाळ तालुक्यात काजूचा कारखानाही निघाला. देणगी आटते, हातचे काम टिकते.

आपल्या गावी मात्र शिबिरात मिळालेली खुर्ची चाक मोडले की गोठ्यात पडते. ती गावच्या सायकलवाल्याकडे न्या. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी असतात. त्यांचा हिशेब ग्रामसभेत विचारा. पाहुणे गेल्यावर घर आपणच सांभाळायचे असते.