पायांपासून वर

दोह्यात बसून लोकर विणते म्हटलं की पुण्याच्या मैत्रिणी हसतात. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि या बाईच्या मांडीवर लोकरीचे गुंडे! पण वाळवंटात लोकर कशाला, हा प्रश्न इथल्या बेदुईन बायकांना कधी पडला नाही. शेळीच्या केसांचे तंबू आणि मेंढी-उंटाच्या लोकरीचे, सदू नावाच्या विणीचे पट्टे त्या जमिनीवर माग ठोकून विणत आल्या. माझं तर काय, सगळा उन्हाळा एसीतच जातो.

सुलट-उलट आईनं शिकवलं. कथकही त्याच सुमाराचं. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती काढली, त्यानंतर शहरात जे कथक रुजत गेलं त्यातल्याच आम्ही मुली. आमच्या बाई सुरुवातीला नुसता तत्कार, म्हणजे पायांचं काम, करून घ्यायच्या. हस्तक, मान, भुवई सगळं नंतर. पुढे कार्यक्रम व्हायला लागले, तेव्हा ग्रीनरूममध्ये मी स्वेटर विणत बसायची आणि तबलजी चेष्टा करायचे. मग गुडघ्यांनी नाच थांबवला. मुलीकडे कतारला आले, तर इथं स्वेटर घालायला कोणी नाही. तेव्हापासून चित्रं विणते, बहुतेक नाचणाऱ्या बायकांचीच.

विणलेलं चित्र खालून वर वाढतं. आधी टाचा, मग घुंगरू, घागऱ्याचा घेर. चेहरा अगदी शेवटी. बाईंनी शिकवलं त्याच क्रमानं! टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून साध्या चौकटीच्या कागदावर नर्तकी मुद्दाम उंच काढायची, नाहीतर सुयांवर ती बुटकी उतरते. रंग बदलताना दोन्ही धागे मागून एकमेकांत अडकवायचे, नाहीतर घेराच्या कडेला भोकं पडतात. सुलट ओळीला नमुना उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो; शेजारच्या अरब बाईंना हे सांगावंच लागलं नाही.

पंढरपूरला जन्मलेल्या चित्रकार हुसेन यांनी २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं. त्यांच्या चित्रांचं संग्रहालय इथल्या एज्युकेशन सिटीत २०२५ च्या नोव्हेंबरात उघडलं. त्यांनी मदर तेरेसा रंगवल्या त्या बिनचेहऱ्याच्या. शेवटच्या ओळींशी आले की मलाही चेहरा कोरा सोडावासा वाटतो, आणि कधीकधी मी सोडतेही. पण पाऊल चुकीचं पडलेलं दिसलं, तर चित्र कमरेपर्यंत आलेलं असलं तरी सरळ उसवते.