थोडासा कल

समतोल हा मोठा गुण आहे, असे सरकारी नोकरीत आल्यापासून मी ऐकत आहे. टिपणीतल्या प्रत्येक विधानामागून एक ‘तथापि’ यावा, म्हणजे लिहिणाराही सुरक्षित आणि वाचणाराही. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेला मी दिल्लीच्या कचेरीत ‘तथापि’ लिहिण्यात बराच तरबेज झालो आहे. परंतु जुन्या विषयाचे वाचन सुटलेले नाही, आणि त्या वाचनात समतोलाची एक उणी बाजू अलीकडे ध्यानात आली.

बैठकीत भिंतीवर हिरवा ठिपका फिरविणारी कांडी आपण पाहिली असेल. अशा पुष्कळ कांड्यांतला प्रकाश मुळात हिरवा नसतो. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य किरण एका स्फटिकातून जातो आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा होऊन बाहेर पडतो. वारंवारता नेमकी दुप्पट! ही किमया १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम केली. माणकाच्या लेसरचा लाल किरण त्यांनी क्वार्ट्‌झमधून पाठविला, तेव्हा छायाचित्रावर दुप्पट वारंवारतेचा एक अंधुक ठिपका उमटला. निबंध छापताना तो कोणीतरी डाग समजून पुसून टाकला. छापील चित्रात बाण राहिला, ठिपका नाही. त्या पुसणाऱ्याविषयी मला आपलेपणा वाटतो. तो आमच्याच पंथातला.

प्रकाश स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांना झोके देतो. केंद्राच्या एका बाजूस जे आहे तेच बरोबर समोर असेल, तर झोका दोन्हीकडे सारखा जातो आणि दुप्पट वारंवारतेचा अंश उरत नाही. रचनेला एकीकडे कल असेल, तरच झोका असमान होतो आणि त्या असमानतेतून नवा प्रकाश जन्मास येतो. पण बहुसंख्य स्फटिकांचा ओढा समतोलाकडेच असतो.

यावर रसायनज्ञांनी काढलेली तोड मला फार आवडते. धातू-हॅलाइडांच्या संकरित स्फटिकांत शिसे किंवा कथिल यांच्या अणूभोवती सहा आयोडीन वा ब्रोमीन उभे राहून अष्टफलक बनतात, आणि अष्टफलकांमधल्या जागेत सेंद्रिय आयन पाहुण्यासारखे राहतात. हा पाहुणा असा निवडावयाचा की ज्याची डाव्या-उजव्या हातांप्रमाणे दोन रूपे आहेत, आणि त्यांतले एकच रूप आत घ्यावयाचे. डाव्याची समोरची प्रतिमा उजवा. तो तेथे नाहीच, मग स्फटिकाला केंद्राभोवती समतोल साधताच येत नाही. दोन्ही रूपे सारखी मिसळली, तर समतोल बहुधा परत येतो आणि उजेड मावळतो. प्रकाशाला जोरकस प्रतिसाद देण्याचे काम पुष्कळदा धातूचे अष्टफलकच करतात. पाहुणा त्यांना फक्त कल देतो.

माझी सात वर्षांची मुलगी येथल्या शाळेत जाते. तिच्या हिंदीला मराठीचा हेल येतो, आणि वर्गातली मुले हसतात. हितचिंतक सांगतात, घरीही हिंदीच बोला. उगाच दोन डगरींवर हात कशाला? मुलगी रडत घरी आली की हा सल्ला मला खरा वाटू लागतो.

स्फटिकावरून संसाराचा निर्णय घेऊ नये, हे मी जाणतो. शिवाय या संकरित स्फटिकांपैकी अनेकांना दमट हवा सोसत नाही, आणि शिशाच्या विषाचा घोर निराळाच. कलाची किंमत मोजावी लागते. तरीही घरात मराठीच चालावी, असे पत्नीने आणि मी ठरविले आहे. गेल्या महिन्यापासून शेजारच्या पंजाबी घरातली मुले लपंडाव खेळताना ‘भोज्या’ म्हणू लागली आहेत. हा शब्द कोठला, याची त्यांना चौकशी नाही. ठिपका अगदी अंधुक आहे. पण तो डाग समजून पुसावयाचा नाही.