इंगलवूडचे तिघे

कृष्णवर्णीयांच्या वस्तीवरचा सिनेमा म्हटला की गोळीबार, मयत आणि आईचा आक्रोश हे जणू ठरूनच गेले आहे. जॉन सिंगल्टन यांचा १९९१ चा ‘बॉईज इन द हूड’ तसाच होता, आणि थोर होता. परंतु आम्हाला जवळचा वाटतो तो रिक फामुयिवा यांचा १९९९ चा ‘द वूड’.

लॉस एंजेलिसला लागून असलेले इंगलवूड हे दिग्दर्शकाचे स्वतःचे गाव. गोष्ट साधी. रोलंडच्या लग्नाची घटका जवळ आली आणि नवरदेव बेपत्ता! बालमित्र माईक आणि स्लिम त्याला शोधतात, तर स्वारी जुन्या मैत्रिणीच्या घरी, दारू पिऊन. त्याला ताळ्यावर आणता आणता तिघांना १९८६ साल आठवते. नॉर्थ कॅरोलिनाहून आलेला बुजरा माईक, शाळेतली मारामारी, शाळेतला नाच. (पोरांची एक पैज मात्र लेकरांना घेऊन पाहण्याजोगी नाही.)

टोळीवाला आहे, पिस्तूलही आहे. तरी तिघे जगतात, मोठे होतात. काळ्या पोराने पडद्यावर नुसते लाजावे, घाबरावे, प्रेमात पडावे, एवढी मुभा त्याला क्वचितच मिळते. तो मेला की मगच कॅमेरा त्याच्याकडे वळतो. फामुयिवांनी तो लग्नघराकडे वळवला.

रोलंडला भीती वधूची नाही, पोरपण सुटण्याची आहे. स्लिम त्याच्यावर करवादतो, वैतागतो. पण त्याला सोडून जात नाही.