पीळ तोच, घर मोठं

कोलोरॅडो किंवा वायोमिंगमधल्या दुकानातून माणूस ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमची कोरी रायफल घरी आणतो. तिच्या नळीतून त्याची स्वतःची एकही गोळी अजून सुटलेली नसते, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या डोक्यात येतं, की हिचं चेंबर जरा वाढवून घेतलं तर? चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी कोरलेलं घर. ते मोठं केलं की मोठं काडतूस बसतं, मोठ्या काडतुसात दारू जास्त मावते, दारू जास्त म्हणजे गोळी जास्त वेगानं सुटते, आणि मग दरीपलीकडच्या उतारावर उभा असलेला एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, टप्प्यात येतो. साखळी बिनतोड वाटते. तिची प्रत्येक कडी खरीही आहे. तरी नव्या रायफलच्या बाबतीत हा निर्णय जवळजवळ नेहमीच चुकतो, असं माझं मत आहे. त्याची कारणं पोलादात, हवेत आणि माणसाच्या खांद्यात सापडतात.

आधी पोलादाचं बघू. बंदूक दुरुस्त करणारा कारागीर ॲक्शनमधून, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यातून, नळी पिळून काढतो, लेथवर चढवतो आणि डायल इंडिकेटर लावून ती इंचाच्या काही दहाहजारांश भागाइतकी सरळ फिरेपर्यंत जुळवत बसतो. मग रीमर, म्हणजे चेंबर कोरणारं हत्यार, आत जातो. त्याच्या टोकाची पायलट नावाची खुंटी नळीच्या भोकात अलगद बसते आणि रीमरला भरकटू देत नाही. तेल सोडायचं, केसभर पोलाद कातायचं, रीमर बाहेर काढायचा, कीस पुसायचा आणि पुन्हा आत घालायचा. शेवटी दोन गेज असतात. ‘गो’ गेजवर बोल्ट मिटला पाहिजे आणि ‘नो-गो’वर मिटता कामा नये. हे काम बघायला फार सुरेख असतं, यात वादच नाही. पण त्याची एक मर्यादा आहे. रीमर पोलाद फक्त काढतो. शिंपी शिवणीत माया ठेवतो म्हणून कपडा पुन्हा उसवता येतो. चेंबरला माया नसते. म्हणून नवं घर जुन्या घरापेक्षा लांबीला, खांद्याला आणि मानेला सगळीकडे मोठंच असावं लागतं. २०२२ मध्ये आलेलं ७ मिमी पीआरसी आज या बोअरमधलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं काडतूस आहे. त्याच्या केसची, म्हणजे दारू भरायच्या पितळी नळकांड्याची, लांबी २.२८० इंच, रेमिंग्टन मॅग्नमची २.५००. नवं आखूड, जुनं लांब, त्यामुळे नळी मागून कापल्याशिवाय ते या घरात बसवणं अशक्य. म्हणजे ज्या काडतुसासाठी हा मोह खरा समजण्यासारखा आहे, तेच हाताशी येत नाही. मग उरतं ७ मिमी एसटीडब्ल्यू. लेन सिम्प्सन या लेखकानं ८ मिमी रेमिंग्टन मॅग्नमच्या केसची मान आवळून ते बनवलं आणि ‘शूटिंग टाइम्स’ मासिकाचं नाव त्याला दिलं. ते या घरात बेतशीर कोरता येतं. १९९० च्या दशकात कितीतरी रायफलींची घरं अशी कोरली गेली, आणि आज त्या काडतुसाची खोकी दुकानात शोधावी लागतात. नव्याचे नऊ दिवस काडतुसांनाही चुकत नाहीत. १९६२ चं रेमिंग्टन मॅग्नम मात्र अजून जागोजागी मिळतं.

आता हवेतला हिशेब. एसटीडब्ल्यूच्या केसमध्ये साधारण अठरा टक्के जास्त दारू मावते. काडतुसं भरणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा, की जागा जितके टक्के वाढते त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाच वेग वाढतो. म्हणजे साडेचार टक्के. १६० ग्रेनची गोळी रेमिंग्टन मॅग्नममधून सेकंदाला सुमारे २,९५० फुटांनी निघते, ती मोठ्या घरातून सुमारे ३,०८० नं निघेल. रायफल २०० यार्डांवर जुळवली असेल, तर ५०० यार्डांवर पहिली गोळी साधारण तीन फूट खाली जाते आणि दुसरी तिच्यापेक्षा तीन-चार इंच कमी. एवढ्यासाठी रायफल लेथवर चढवायची! पूर्वी या तीन-चार इंचांना किंमत होती, कारण अंतर डोळ्यानंच मापायचं असे. आता खिशातला रेंजफाइंडर अंतर यार्डात सांगतो. दुर्बिणीवरच्या फिरकीचा एक टिचका ५०० यार्डांवर गोळी सव्वा इंच वर आणतो. म्हणजे सगळ्या खर्चाचा ऐवज तीन टिचक्यांचा, आणि ते टिचके दुर्बिणीबरोबर फुकट आलेले आहेत.

गोळी किती खाली जाईल हे गणित असतं, वारा मात्र अंदाज असतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर ही गोळी साधारण सोळा इंच ढकलतो आणि वाढलेल्या वेगानं त्यातला जेमतेम इंचभर वाचतो. दरी ओलांडताना वाऱ्याचा अंदाज तीन मैलांनी चुकणं ही अगदी रोजची चूक, जाणत्यांचीसुद्धा. ती एकटीच पाच इंच खाते. इंचभर वाचवायला लेथकडे जायचं आणि पाच इंच गवताच्या पात्याकडे बघायला न शिकल्यामुळे घालवायचे, हा व्यवहार मला कळत नाही. वेळेचंही तसंच. ५०० यार्ड जायला गोळीला सेकंदाच्या सहा-दशांशाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात एल्क एक पाऊल पुढे टाकू शकतो, आणि मग गोळी छातीऐवजी पोटात शिरते. नव्या घरानं या वेळातला सेकंदाचा तीन-शतांश भाग कमी होतो, पण एल्क चालायचा थांबत नाही.

ताकदीचा मुद्दा निघतोच. एल्क मोठा, नर तीनशे किलोच्या पुढे जातो, तर गोळीत दम नको का? कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा मागतो. मूळच्या, न कोरलेल्या रेमिंग्टन मॅग्नमची गोळी ५०० यार्डांवरही दीड हजाराच्या आसपास राखून असते. उलट खांद्याचं बघा. दारू एवढी वाढली की धक्क्याची ऊर्जा साधारण पाचव्या हिश्श्यानं वाढते. त्या धक्क्याच्या धास्तीनं चाप ओढण्याआधीच डोळा मिटतो आणि खांदा कसतो. तसं झालं की नेम चुकतो आणि दोष जातो रायफलला. नाचता येईना अंगण वाकडं. नळीचा घसाही लवकर जळतो, कारण तेवढ्याच सात मिलिमीटरच्या भोकातून जास्त आग जाते.

या सगळ्यात मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा वेगळाच आहे, आणि आश्चर्य म्हणजे तोच सर्वांत कमी बोलला जातो. लांबचा नेम सुधारला तो मोठ्या केसमुळे थोडा आणि लांब, निमुळत्या, जड गोळ्यांमुळे बराच. अशी लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीचा पीळ घट्ट लागतो. ७ मिमी पीआरसीच्या नळीत गोळी आठ इंचांत एक फेरा पुरा करते, तर रेमिंग्टन मॅग्नमच्या बहुतेक नळ्यांत सव्वानऊ-साडेनऊ इंच घेते. चेंबर कितीही कोरा, हा पीळ बदलत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण नळीच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. ज्या गोष्टीनं खरा फरक पडला असता ती जशीच्या तशी ठेवून, जिनं थोडा पडतो ती बदलायची, असा हा उद्योग आहे.

याला उत्तरं आहेत, आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीत. पहिलं असं, की कारखान्यात कोरलेलं घर पुष्कळदा सैल असतं, कधी नळीच्या आसाशी तिरकं असतं, मग जाणत्या कारागिराच्या हातून ते सरळ करून का घेऊ नये? घ्यावं, पण ते तिरकं आहे हे आधी ठरावं. शंभर फैरींनंतरही गोळ्यांचा पुंजका विखुरलेलाच राहिला तर ती शंका रास्त. कोऱ्या रायफलीला ती चिकटवणं म्हणजे तापही न बघता औषध देणं झालं. दुसरं उत्तर पी. ओ. ॲकली यांचं नाव घेऊन येतं. यूटाच्या सॉल्ट लेक सिटीत काम केलेल्या या बंदूक-कारागिरानं विसाव्या शतकाच्या मध्यावर एक युक्ती पसरवली. केसचा निमुळतेपणा कमी करायचा आणि खांदा चाळीस अंशांचा करायचा. मूळ काडतूसही या नव्या घरात चालतं आणि उडताना त्याची केस नव्या आकाराची होऊन बाहेर पडते. .२८० रेमिंग्टनच्या मालकानं .२८० ॲकली करून घेतलं तर जुनी काडतुसं वाया जात नाहीत, आणि काडतूस मिळेनासं होईल या भीतीला तोड निघते. ही तडजोड शहाणी आहे, मला ती मान्य आहे. पण इथेही एक खोच आहे. मूळ काडतूस घट्ट बसायचं तर ॲकली घर इंचाच्या चार-हजारांशानं आखूड असावं लागतं. नुसता रीमर फिरवला तर ते सैल राहतं. म्हणून नळी मागून थोडी कापून पुन्हा बसवावी लागते, म्हणजे ‘नुसतं चेंबर’ असं काम इथेही उरत नाही. तिसरा आक्षेप हौसेचा. हौसेला मोल नसतं, आणि आपल्या पैशाची रायफल माणसानं हवी तशी करावी. कबूल. एवढंच, की फेरफारानंतर उत्पादकाची हमी सहसा उरत नाही, विकायला काढली तर गिऱ्हाईक बिचकतं, मॅगझिनमध्ये ३.६ इंच लांबीचं काडतूस मावतं का हे आधी बघावं लागतं, आणि नळीवरची जुनी खूण बदलून नवी कोरली नाही तर उद्या कुणीतरी जुनंच काडतूस भरतं आणि ते त्या घरात फुगतं किंवा फाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न उठत नाही. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि परवान्यावाचून बंदुकीत फेरफार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुन्हा ठरतं. पण काडतुसाची मापं बदलण्याच्या इतिहासात हिंदुस्थानचं एक पान आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारनं .४५० बोअर इथे आणायला बंदी घातली, कारण त्याच बोअरच्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्यांना काडतुसं मिळू द्यायची नव्हती. लंडनच्या बंदूकवाल्यांना मग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढावी लागली. त्या बदलामागे गरज होती, आणि गरज सरळ सांगता येत होती. मागच्या महिन्यात घेतलेल्या रायफलच्या चेंबरमागे अशी गरज कुणी मला दाखवली, तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

रायफलीचं आयुष्य नळीनं मोजतात. ती काही हजार फैरींत घसा टाकते, मॅग्नममध्ये त्याहून लवकर, आणि मग बदलावीच लागते. चेंबर कुठलं घ्यायचं हे ठरवायची खरी वेळ ती. तेव्हा नवी नळी, हवा तो पीळ आणि हवं ते घर एकदमच घेता येतं, आणि तोवर आपल्याला काय हवं आहे हेही नीट कळलेलं असतं. तोपर्यंत दहा खोकी काडतुसं घ्या, दोनशे फैरी होतात. त्यातल्या निम्म्या तरी ३०० यार्डांपलीकडे, वारा सुटलेल्या दिवशी झाडा. कारागिराला फोन त्यानंतर करा.