नाइस

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो बिस्किटावर. वर साखर भुरभुरलेली, खोबऱ्याचा वास आणि मधोमध उठावाची चार इंग्रजी अक्षरं. ती वाचता येण्याआधीपासून मला आवडायची.

शाळेत इंग्रजीच्या बाई मात्र निबंधातला प्रत्येक ‘नाइस’ लाल शाईने खोडत. सहल नाइस, आजी नाइस, पाऊसही नाइस. मग वाचणाऱ्याला कळलं काय, असं त्यांचं म्हणणं. वडील वकिलांकडे कारकून होते. निकालपत्रं टाइप करताना त्यांना ‘नाइस डिस्टिंक्शन’ सापडे. इथे छान नव्हे, केसाएवढा बारीक भेद, असं ते सांगत. एवढासा शब्द, आणि एवढा नेमका होऊ शकतो याचं मला फार अप्रूप वाटलं.

पुढे जेन ऑस्टेनची ‘नॉर्दँगर ॲबी’ वाचली. 1817च्या अखेरीस, लेखिकेच्या मृत्यूनंतर आलेली ही कादंबरी. तिच्यातला हेन्री टिल्नी कॅथरीनला याच शब्दावरून चिडवतो: मुळात तो नीटनेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यांच्यासाठी होता, आता कशालाही लावतात! कॅथरीनच्या जागी मला आमचा अख्खा वर्ग दिसला.

पण हेन्रीचं ‘मुळात’ हे मूळ नव्हतंच. तो जिन्याच्या मधल्याच पायरीवर थांबला होता. लॅटिनमध्ये ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण. ‘ने’ हा नकार आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. याच ‘स्कीरे’तून ‘सायन्स’ आला. जुन्या फ्रेंचमधून 1300च्या सुमारास ‘नाइस’ इंग्रजीत शिरला तो ‘मूर्ख’ या अर्थाने. चॉसरच्या काळी कुणाला नाइस म्हणणं ही निंदा होती. मग लाजरा, चोखंदळ, काटेकोर असं करत अठराव्या शतकात तो ‘छान’पाशी पोचला. आपल्याकडे ‘साहस’ असाच चालत आला: धर्मशास्त्रात तो बळजोरीचा गुन्हा, आज शौर्य.

म्हणून हा शब्द झिजला, बिघडला असं मला म्हणवत नाही. हिणवणारा शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडी फिरत फिरत मायाळू व्हावा, हे मला मोठं वाटतं. नेहमी तसं होत नाही. ‘सिली’ एके काळी सुखी, पुण्यवान माणसासाठी होता. त्याचं काय झालं ते आपण पाहतोच.

भाची निबंध दाखवायला आणते तेव्हा तिचा ‘नाइस’ मी खोडत नाही. नेमकं काय आवडलं, तेवढं पुढच्या वाक्यात लिही म्हणते.